दोनशे मोनार्क मागण्याआधी

न्यू जर्सीतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकर्तीचा प्रश्न आहे. मंडळ एका हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेसाठी, निधी गोळा करतंय. ऑक्टोबरमधल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या सभागृहात, दीपप्रज्वलन झालं की दोनशे मोनार्क फुलपाखरं सोडायची. प्रत्येक फुलपाखरू कुणा दिवंगत व्यक्तीच्या नावाने, आणि त्या नावामागे कुटुंबाची देणगी. फुलपाखरं दान मिळतील का, कशी मागायची, कशी सांभाळायची? आणि पुढच्या वर्षी हाच उपक्रम सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या शाळेत करता येईल का?

मी पेन्सिल्व्हेनियात फुलपाखरं वाढवते. विकतेही, आणि दर हंगामात काही संस्थांना विनामूल्य देते. त्यामुळे देणाऱ्याच्या बाजूने सांगते.

दान मिळेल. पण ऑक्टोबरमध्ये नाही, संध्याकाळी नाही, सभागृहात नाही, दोनशे नाही, आणि मोनार्क तर नाहीच. एवढे नकार एकदम ऐकून विरस होईल, याची मला कल्पना आहे. मात्र तुमचा मूळ हेतू, म्हणजे गेलेल्यांची आठवण आणि हॉस्पिसला पैसे, या नकारांनी अडत नाही. अडतो तो फक्त सोहळा जसा डोळ्यासमोर आणला होता तसा होणं. मी दान देताना एकच गोष्ट बघते: टाळ्या थांबल्यावर त्या फुलपाखराचं काय होणार? त्याला ऊन मिळेल का, फूल मिळेल का, अंडी घालायला झाड मिळेल का? याचं उत्तर समाधानकारक असेल तरच मी हो म्हणते, आणि तुम्हीही ज्याच्याकडे मागाल त्याने हे विचारलं नाही तर जरा सावध राहा.

आधी वेळेचं बोलू. फुलपाखराला स्वतःची ऊब नसते. छातीतले उडण्याचे स्नायू साधारण ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय मोनार्कला उडता येत नाही. उन्हात पंख पसरून किंवा पंख थरथरवून ते अंग तापवतं. कार्यक्रमासाठी मी हवा किमान ६५ फॅरनहाइट असावी, स्वच्छ ऊन असावं आणि सूर्यास्ताला तीन-चार तास तरी बाकी असावेत असा आग्रह धरते. ते तास त्याला मकरंद प्यायला आणि रात्रीसाठी आडोसा शोधायला लागतात. संध्याकाळी सात वाजता सभागृहात सोडलेलं फुलपाखरू काय करतं, तर दिव्याकडे जातं. छताच्या ट्यूबलाइटला धडकतं, पडद्याच्या घडीत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याला खिडकीखाली सापडतं. दारं उघडी ठेवली तरी बाहेर अंधार आणि थंडी. म्हणून बंद जागेतल्या आणि सूर्यास्तानंतरच्या कार्यक्रमाला मी देतच नाही, मग मागणारा कितीही जवळचा असो.

न्यू जर्सीत जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत दुपारी अकरा ते तीन ही उत्तम वेळ. तुमच्या मंडळाची उन्हाळी सहल होत असेलच. पार्कात, बटाटेवडे आणि क्रिकेट चालू असताना, त्याच दिवशी एक शांत अर्धा तास या कार्यक्रमासाठी काढा. दिवाळीच्या मंचावर नावं वाचा, फोटो दाखवा, जमलेला निधी हॉस्पिसच्या हाती द्या. फुलपाखरं मात्र उन्हाळ्यात.

आता मोनार्क. लोकांना तेच हवं असतं, कारण केशरी-काळे मोठे पंख फोटोत उठून दिसतात आणि त्याच्या प्रवासाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची मोनार्क शरद ऋतूत मेक्सिकोच्या मिचोआकान भागातल्या ओयामेल वृक्षांच्या डोंगरी जंगलात जाऊन थंडी काढतात. उन्हाळ्यातली पिढी दोन ते पाच आठवडे जगते. ही स्थलांतर करणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने. मेक्सिकोत ती किती जागेवर दाटीने बसली यावरून त्यांची संख्या आजमावतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती जागा १८ हेक्टरच्या वर होती. २०२३-२४ मध्ये ०.९० हेक्टर उरली, पुढच्या वर्षी १.७९. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने मोनार्कला 'धोक्यात आलेली' जात म्हणून कायद्याचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला. अशा जातीला हात लावताना मन घट्ट करून नाही म्हणायला शिकावं लागतं. कॅलिफोर्नियात तर परवान्याशिवाय मोनार्क पकडायला किंवा घरी वाढवायलाही मनाई आहे, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी हा विषयच सोडून द्यावा.

तुमचा ऑक्टोबर नेमका स्थलांतराचा. त्या दिवसांत न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे, जंगलातली मोनार्क डेलावेअरची खाडी ओलांडण्याआधी थांबलेली असतात. त्यांच्यात आपण पेटीतून वाढवलेली दोनशे सोडायची, याचा मला धीर होत नाही. २०१९ साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं की पिढ्यान् पिढ्या व्यापारासाठी वाढवलेल्या मोनार्कना दक्षिणेची दिशा नीट धरता येत नाही. २०२१ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी वाढवलेल्या मोनार्कवर बारीक रेडिओ ट्रान्समीटर बसवून मोकळ्या हवेत सोडलं, तेव्हा बहुतेक दक्षिणेकडेच गेली. म्हणजे वाद आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे. पण कार्यक्रम आपला आणि जोखीम त्यांची, हे मला पटत नाही.

दुसरी भीती रोगाची. मोनार्कला एक सूक्ष्म परजीवी लागतो, आम्ही त्याला 'ओई' म्हणतो. मादीच्या पोटावरचे बीजाणू अंड्यावर आणि पानावर पडतात, अळी ते पानाबरोबर खाते, आणि कोषातून येणारं फुलपाखरू दुबळं निघतं. कधी पंखच उलगडत नाहीत. जिथे दाटीवाटीने अळ्या वाढवतात तिथे हा रोग पसरायला वेळ लागत नाही. तपासायची रीत सोपी आहे. स्वच्छ चिकटपट्टीचा छोटा तुकडा फुलपाखराच्या पोटाला अलगद टेकवायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रुंद, दातेरी कडांचे दिसतात ते पोटावरचे खवले. त्यांच्यामधे पुष्कळ लहान, काळपट, लिंबाच्या आकाराचे कण दिसले की समजायचं. अशी मादी प्रजननासाठी वापरायची नाही आणि सोडायचीही नाही. मोनार्क देणाऱ्या कोणालाही "चिकटपट्टीची तपासणी करता का, आणि मागच्या महिन्यात काय निघालं?" असं सरळ विचारा. जो करतो तो उत्साहाने सांगतो.

या सगळ्यामुळे सार्वजनिक कार्यक्रमासाठी मी पेंटेड लेडी देते. मोनार्कपेक्षा लहान, फिकट केशरी, पंखांच्या टोकाशी काळ्यावर पांढरे ठिपके. जगात सर्वांत दूरवर पसरलेल्या फुलपाखरांपैकी हे एक. अमेरिकेच्या बहुतेक सगळ्या भागात आढळतं, आणि तुमच्या सांगलीच्या माळावरही हेच फुलपाखरू दिसतं. हे कळल्यावर मंडळातल्या आज्या-आजोबांना जो आनंद होतो तो मोनार्कने होत नाही. ही इवलीशी जात पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर. कार्यक्रमात सांगायला गोष्टच हवी असेल तर ही सांगा.

इथे विरोधकांचं म्हणणंही तुमच्या समितीपुढे ठेवलं पाहिजे. झेर्सेस सोसायटी आणि नॉर्थ अमेरिकन बटरफ्लाय असोसिएशन या कीटक-फुलपाखरांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्था फुलपाखरं सोडण्याच्या कार्यक्रमांच्या विरोधात आहेत. रोग पसरतो, स्थानिक फुलपाखरांच्या रक्तात बाहेरचं रक्त मिसळतं, आणि कुठे कोणतं फुलपाखरू नैसर्गिकरीत्या दिसतं याच्या नोंदी बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. तिन्ही मुद्दे खरे आहेत. मी तरीही देते, कारण हातावर बसलेलं फुलपाखरू बघून ज्या मुलाने अंगणात झाड लावलं अशी मुलं मला माहीत आहेत. पण संख्या कमी, जात सर्वत्र आढळणारी, वाढवलेली जागा शक्य तितकी जवळची आणि सोबत झाडं, या अटींवरच. तुमच्या समितीत कुणाला हा विरोध पटला आणि कार्यक्रम बिनफुलपाखरांचा करायचा ठरला, तर मला वाईट वाटणार नाही. झाडांची रोपं मी तेव्हाही देईन.

परवान्याचं थोडक्यात. फुलपाखराची अळी पानं खाते, म्हणून अमेरिकेचं कृषी खातं जिवंत फुलपाखरांना पिकांच्या किडीच्या नियमात बसवतं. राज्याची हद्द ओलांडायची तर ५२६ क्रमांकाचा परवाना लागतो, तोही जातीनिहाय आणि ज्या राज्यात जायचं त्या राज्यासाठी. माझं घर आणि तुमचं पार्क यांच्यामधे फक्त डेलावेअर नदी आहे, तरी तो लागतोच. सोडण्यासाठी परवानगी मिळते ती मोजक्याच जातींना. परवाना काढणं हे देणाऱ्याचं काम, पण त्याची प्रत मागून घेणं तुमचं. "काही लागत नाही हो, कुरिअरने पाठवतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच आभार मानून थांबा. पार्कची परवानगी वेगळी. काउंटी पार्कमध्ये प्राणी-पक्षी-कीटक सोडायला लेखी संमती घ्यावी. राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित अभयारण्यांत तर विचारायलाही जाऊ नका.

आता मागायचं कसं. आमच्यासारख्यांकडे वसंतात रोज अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत एकच ओळ असते, 'चांगल्या कामासाठी हवीत'. चांगलं काम सगळ्यांचंच असतं. मला पत्रात तारीख, वेळ, जागा, तिथे कोणती फुलं आहेत, पाऊस आला तर काय, आणि फुलपाखरं हाती घेण्यापासून सोडेपर्यंत जबाबदार असणारी एक व्यक्ती, एवढं हवं असतं. समिती नव्हे, एक व्यक्ती. आणि हे किमान सहा-सात आठवडे आधी. पेंटेड लेडीच्या अंड्यातून अळी यायला तीन ते पाच दिवस, अळीचे साधारण दोन आठवडे, कोषाचे सात ते दहा दिवस. त्यात थंडी पडली की सगळं पुढे सरकतं. तारीख ठरल्यावर मला मागे मोजत जाऊन अंडी कधी घालून घ्यायची ते ठरवावं लागतं. कार्यक्रम एका आठवड्याने पुढे ढकलला, तर कोष थांबत नाहीत. तोवर पंख झिजायला लागतात आणि दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यातला मोठा हिस्सा जाळीत जातो.

संख्येबद्दल माझा सल्ला ऐकाच. नावं आणि फुलपाखरं यांचा हिशोब वेगळा ठेवा. 'एक देणगी, एक फुलपाखरू' असं छापलंत की तुम्ही अडकलात. चार फुलपाखरं वाटेत मेली, तर चार कुटुंबांना काय सांगणार? आईच्या नावाचा कागद उघडावा आणि आत निपचित पडलेलं फुलपाखरू निघावं, यासारखी दुसरी जखम नाही. दु:खातल्या माणसाला त्याचा अर्थ लावल्याशिवाय राहवत नाही. म्हणून देणगीपत्रावर लिहा: 'आपल्या प्रिय व्यक्तीचं नाव वाचलं जाईल आणि त्यांच्या स्मरणार्थ फुलझाड लावलं जाईल.' नावं दोनशे असू द्या, चारशे असू द्या. फुलपाखरं चाळीस-पन्नास पुरतात. सगळी नावं वाचून झाल्यावर सगळ्यांची मिळून ती सोडायची. निधी नावांवर उभा राहतो.

वाहतुकीला दोन प्रकार आहेत. लांबचे लोक प्रत्येक फुलपाखरू पंख मिटवून पातळ गुळगुळीत कागदाच्या पाकिटात घालतात, पाकिटं थंड पेटीत रचतात आणि एका रात्रीत पोचणाऱ्या कुरिअरने पाठवतात. गारव्यात ते निश्चल राहतं, पंख फडफडवून खवले झडत नाहीत. हे क्रूर दिसतं, पण एक रात्र नीट गारव्यात काढली तर त्याला इजा होत नाही. इजा होते ती पेटी दुपारी गाडीच्या डिकीत राहिली तर, किंवा कुणी काळजीपोटी बर्फावरच ठेवली तर. शीतपिशवी वर्तमानपत्रात गुंडाळलेली हवी आणि पाकिटांना ती टेकता कामा नये. घरच्या फ्रीजरचं दार तर उघडूही नका.

जवळ राहणाऱ्यांना मी पाकिटं देत नाही, जाळीचा उभा पिंजरा देते. कापडी जाळी, एका बाजूला चेन, आत झिनियाची फुलं आणि साखरपाण्यात भिजवलेला स्पंज. आदल्या संध्याकाळी येऊन घेऊन जा, रात्री गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पिंजऱ्याच्या तळाशी किंवा पांढऱ्या जाळीवर लाल डाग दिसले तर घाबरू नका. कोषातून बाहेर आल्यावर फुलपाखरू कोषातला मल टाकून देतं, तो पेंटेड लेडीचा लालभडक असतो. दरवर्षी कुणीतरी रक्त समजून रात्री मला फोन करतंच.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पिंजरा सावलीत आणा. थेट उन्हात नको, जाळीच्या आत उष्णता साठते. हळूहळू पंखांची थरथर सुरू होते, मग एखादं वर चढतं, जाळीला पाय रोवून पंख उघडतं-मिटतं. ही तयारीची खूण. याच वेळी जबाबदार व्यक्तीने एकटीने, गर्दीपासून लांब, आत नजर टाकून जे हलत नाही ते बाजूला काढावं. पाकिटं असतील तर प्रत्येक पाकीट उजेडाकडे धरून बघावं. एकदम मोठा डबा उघडून 'धूम' करण्याचा हट्ट धरू नका. डब्यात तळाची चिरडतात, वरची गोंधळून कुणाच्या केसांत, कुणाच्या साडीत जातात. चेन उघडा, पिंजरा झुडपाजवळ ठेवा आणि लोकांना रांगेने येऊ द्या. ज्याला हवं त्याने बोट आडवं धरून फुलपाखराच्या पुढच्या पायांशी न्यायचं. ते आपण होऊन चढतं. पंख चिमटीत धरायचे नाहीत. बोटावर चढल्यावर ते कधी लगेच उडतं, कधी मिनिटभर बसून राहतं आणि सोंड उलगडून त्वचेवरचा खारट घाम चाखतं. व्हीलचेअरवरच्या माणसांना हा मिनिट फार मोलाचा असतो. त्यांची रांग आधी लावा आणि त्यांना घाई करू नका.

हातांची एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती मी सांगते. सहलीला आलेल्या प्रत्येकाने अंगाला डास पळवणारा फवारा मारलेला असतो, आणि तो कीटकांसाठीच बनवलेला असतो. साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी पिंजऱ्याजवळ येऊ नये. जंतुनाशक जेलही चालत नाही. समई, उदबत्ती, धूप फुलपाखरांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. फुगे, चकाकणारे कागदी तुकडे नकोतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्कच्या लोकांना विचारा की त्या हिरवळीवर आणि झुडपांवर कीटकनाशक कधी मारलं होतं, डासांची फवारणी कधी होणार आहे. हा प्रश्न न विचारता मी आजवर कुणाला एकही फुलपाखरू दिलेलं नाही. फवारलेल्या बागेत सोडलं तर ते थोड्याच वेळात मरू शकतं आणि तोवर आपण सगळे जेवायला बसलेलो असतो.

पाऊस आला तर सोडू नका. पाहुणे परगावाहून आलेत, फोटोग्राफर थांबलाय, काहीही असो. नावं वाचा, पिंजरा झाकून घरी न्या, ताजं साखरपाणी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर चार कार्यकर्त्यांनी अंगणात उघडा. त्याचा फोटो सगळ्या कुटुंबांना पाठवा. लोक हे समजून घेतात.

झाडांबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं असतं आणि समितीला तेव्हा सर्वांत कमी वेळ असतो. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय काहीही खात नाही. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, पान तोडलं की तसाच पांढरा चीक, तसाच विषारी. डोळ्याला लागू देऊ नका. आणि मोनार्क हे आपल्याकडे रुईवर वाढणाऱ्या केशरी प्लेन टायगरचं सख्खं चुलत भावंड. मोनार्कसाठी काही करायचंच असेल तर ते इथे करा: देणगीदारांना न्यू जर्सीतल्या मूळच्या मिल्कवीडचं बी द्या. साधं, पाणथळ जागेतलं आणि केशरी फुलांचं, असे तीन प्रकार तिथे चांगले येतात. या बियांना उगवण्याआधी थंडी लागते. म्हणून दिवाळीच्या सुमारास उघड्यावर पेरलेलं बी बर्फाखाली राहून वसंतात उगवतं. तुमचा ऑक्टोबरचा कार्यक्रम फुलपाखरांना निरुपयोगी असला तरी बी वाटायला अगदी वेळेवरचा आहे! नर्सरीत मिळणारं लाल-पिवळ्या फुलांचं उष्णकटिबंधी मिल्कवीड, ज्याला आपण काकतुंडी म्हणतो, ते मात्र लावू नका. अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात ते हिवाळ्यात मरत नाही आणि त्याच्या पानांवर ओईचे बीजाणू साचत राहतात. रोपं विकत घेताना कीटकनाशक न मारलेलीच आहेत याची खात्री करा, नाहीतर अळ्यांसाठी तो सापळा होतो. पेंटेड लेडीसाठी हॉलीहॉक लावा, मकरंदासाठी झिनिया, कोनफ्लॉवर आणि शरदात ॲस्टर. हॉस्पिसच्या खिडक्यांसमोर असा एक वाफा झाला तर आतल्या रुग्णांना अंथरुणातून फुलपाखरं दिसतील, आणि ती कुणी सोडलेली नसतील. माझ्या माहितीतल्या एका हॉस्पिसने सोडण्याचा कार्यक्रम बंद करून हेच केलं, त्यांच्या देणग्या आटल्या नाहीत.

पावत्यांचं एवढंच लक्षात ठेवा. करमुक्त संस्थेला २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पोचपावती लागते. देणगीच्या बदल्यात तुम्ही काही वस्तू देत असाल आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल, तर त्या वस्तूची किंमत पावतीवर सांगावी लागते. फुलपाखरं दान देणाऱ्याच्या पत्रात संख्या आणि जात लिहा, किंमत लिहू नका. ती ठरवणं त्याचं काम. बाकी तुमच्या खजिनदारांना विचारा.

राहिला सांगलीचा प्रश्न. मी इथून पाठवणार नाही, तुम्हीही सामानात नेऊ नका, आणि तिथेही कुणाला पकडून आणायला सांगू नका. मोनार्क भारताचं नाही. जी तिथली आहेत, त्यांतल्या अनेकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि नुसत्या नजरेने ती ओळखणं अवघड. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिचं नाव कायद्याच्या परिशिष्टात वर्षानुवर्षं आहे, प्लेन टायगर मात्र रस्त्याकडेच्या रुईवर सर्रास असतं. शाळेतली मुलं बरणीत काय पकडून आणतील, कोण सांगणार? आणि गरजच काय? महाराष्ट्रात फुलपाखरं आणावी लागत नाहीत, झाड लावलं की येतात. ठाण्यात घोडबंदर रोडजवळच्या ओवळेकर वाडीत हेच झालं. खाद्यवनस्पती लावल्या आणि फुलपाखरं आपली आपण आली. शाळेच्या कुंपणाशी कढीपत्ता आणि लिंबू लावा, लाइम आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं अंडी घालतील. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं निळं-काळं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. कोपऱ्यातली रुई उपटू नका. एरंडावर कॅस्टर, कण्हेरीवर कॉमन क्रो, पानफुटीवर रेड पिएरो. आंब्यावरचं बांडगूळ सगळं काढून टाकलं नाहीत, तर हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल फुलपाखरूसुद्धा येईल. मुलांना पानामागचं अंडं शोधायला शिकवा, कोष कुठे लटकलाय ते रोज बघायला सांगा. कढीपत्त्यावरची अळी दिसली की "कीड लागली" म्हणून फवारणी करणाऱ्या शिपाईकाकांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर सगळं मुळातच थांबेल. देणगी द्यायचीच असेल तर रोपांना, आणि उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याच्या पगाराला द्या.

तुमच्यासाठी मी पुढच्या उन्हाळ्यात पन्नास पेंटेड लेडी राखून ठेवू शकते, विनामूल्य. मार्चअखेर मला सहलीची तारीख, पर्यायी तारीख, पार्कची लेखी संमती आणि फवारणीचं वेळापत्रक पाठवा. परवान्याचा अर्ज मी करीन. पिंजरे न्यायला जी व्यक्ती येणार आहे तिने आधी एकदा दुपारी माझ्याकडे यावं. फुलपाखरू बोटावर कसं घ्यायचं ते पत्रात सांगून येत नाही. मिल्कवीडचं बी या दिवाळीलाच हवं असेल तर लगेच कळवा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंगा तडकायच्या आधी उतरवाव्या लागतात.